गाण्यातली गौरा

बँडला ‘पत्रा’ हे नाव गोलूनं दिलं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर औसा तालुक्यातल्या त्यांच्या गावानं तीन-चार वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. गोलू त्याच पत्र्यांवर दोन काटक्या बडवत ड्रम वाजवायला शिकला. मन्मथ त्याचा शेजारी. पुढे लातूरच्या कॉलेजात त्यांना वरद भेटला. डेंटिस्टचा मुलगा, घरात इलेक्ट्रिक गिटार असलेला. तिघांचा बँड झाला. गोलू दिवसा इलेक्ट्रिकच्या दुकानात बसायचा, मन्मथ एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवायचा, आणि संध्याकाळी तिघं वरदच्या गच्चीवर जमायचे.

दोन हजार नऊच्या दिवाळीत त्यांचा पहिला अल्बम निघाला. नाव ‘नवं गावठाण’, गाणी आठ. त्यातलं पाचवं गाणं मोबाइलवरून मोबाइलवर असं पसरलं की लातूरच्या होस्टेलांमध्ये प्रत्येक खोलीत ते वाजायला लागलं. मग वरदनंच दौऱ्याची कल्पना काढली. नांदेड, कंधार, रेणापूर, औसा आणि शेवटी लातूर, दहा दिवसांत पाच कार्यक्रम. मन्मथनं क्लासच्या सरांची बोलणी खाऊन रजा काढली आणि डिसेंबरातल्या एका सकाळी भाड्याच्या ट्रॅक्स जीपमध्ये ड्रम, अ‍ॅम्प्लिफायर आणि पोस्टरांची भेंडोळी कोंबून ते निघाले.

पहिला मुक्काम नांदेड हा मन्मथनं धरलेला हट्ट होता. कारण त्यानं सांगितलं नव्हतं. गोलूनं ते विचारलंही नाही, त्याला ठाऊक होतं.

ते पाचवं गाणं ‘गौरा’. ओळी मन्मथच्या आणि गळाही त्याचाच.

‘पाळणा हालतुया अजून, गौरा,
दोरी न्हाई कुणाच्या हातात.’

गौरा त्याची बहीण. भूकंप झाला तेव्हा ती सव्वा वर्षाची होती आणि मन्मथ अकरा वर्षांचा. आई त्या पहाटे गेली. वडील, गुरुपादप्पा, तुळईखाली सापडले. पाय मोडला आणि दोन महिने सोलापूरच्या दवाखान्यात पडून राहिले. मन्मथला चुलत्यानं ठेवून घेतलं. तान्ह्या पोरीचं काय करायचं हे मात्र कुणाला सुचेना. नांदेडहून मदतीला आलेल्या कॉलेजच्या पोरांबरोबर रेणुकादास नावाचे प्राध्यापक आणि त्यांची बायको इंदू होती. नवराबायको शिक्षक, मूलबाळ नाही. इंदूबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं आणि दोन महिने खाली ठेवलं नाही. गुरुपादप्पा कुबड्या घेऊन परत आले, त्यांनी हात पुढे केले, तर गौरा इंदूबाईंच्या पदरात तोंड लपवून रडायला लागली. चार दिवस ते बघत राहिले. पाचव्या दिवशी मन्मथ तंबूतल्या शाळेतून आला, तेव्हा शेडच्या वाशाला बांधलेली झोळी सोडलेली होती.

“तितं तिला आई हाय,” एवढंच वडील म्हणाले. त्यानंतर त्या घरात पोरीचं नाव निघालं नाही.

दरवर्षी रेणुकादासांचं पत्र मात्र यायचं, सोबत एक फोटो. पोरीचं नाव त्यांनी देविका ठेवलं होतं. गेल्या वर्षीच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, ‘तिला सर्व सांगितले आहे. वडील आहेत, भाऊ आहे, हेही. भेटायचे की नाही ते तीच ठरवेल. तिची बारावी होईपर्यंत आपण थांबावे ही विनंती.’

मन्मथ थांबला होता. थांबता थांबता त्यानं गाणं लिहिलं.

नांदेडचा कार्यक्रम एका कॉलेजच्या सभागृहात दुपारी चार वाजता होता, कारण होस्टेलच्या मुलींना सातच्या आत परतायचं असायचं. सभागृह गच्च भरलं. मन्मथ बास गिटार गळ्यात अडकवून गात होता आणि त्याची नजर मुलींच्या रांगांवरून फिरत होती. शेवटचा फोटो दीड वर्षापूर्वीचा, त्यात वेणी होती. आता केस कापले असतील. चष्मा लागला असेल. जिचा चेहरा जरा लांबट दिसे तिच्यावर तो ओळभर थांबायचा आणि पुढे जायचा. ‘गौरा’ सुरू झालं तेव्हा पोरापोरींनी मोबाइलचे दिवे वर धरले, आणि त्या उजेडामागे एकही चेहरा दिसेना.

कार्यक्रम संपल्यावर तो स्टेजवर वायरी गुंडाळत बसला होता. खालून कुणीतरी म्हणालं, “मी देविका.”

पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली, अंगात क्लासचा निळा टी-शर्ट. चष्मा होता. उंच होती, त्याच्याएवढीच जवळजवळ. मन्मथच्या हातातली वायर तशीच राहिली. सोळा वर्षं त्यानं या भेटीतली पहिली वाक्यं मनाशी जुळवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

“चहा घेणार?” तो म्हणाला.

“चालेल. सहाला टेस्ट आहे माझी.”

कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातलं टेबल मिळालं. तिनं सॅक मांडीवर घेतली, चहात आणखी एक चमचा साखर घातली आणि बराच वेळ ढवळत राहिली.

“घरी माहितीये,” ती म्हणाली. “बाबा सोडायला येतो म्हणत होते. मीच नको म्हटलं.”

“बरं केलं आलीस.”

“मला गाण्याबद्दल बोलायचं होतं.”

आवडलं असेल, असं मन्मथला वाटून गेलं.

“आमच्या क्लासमध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर आहे ते,” ती म्हणाली. “माझ्या शेजारी बसते ती ज्ञानेश्वरी, ती तर ऐकून रडते. बिचारी गौरा, म्हणते. तिला माहीत नाही की मी तिच्या शेजारीच बसलेय. मला कसं वाटत असेल सांगा. त्या गाण्यात मी मेलेली आहे.”

“मेलेली? तसं कुठं म्हटलंय मी?”

तिनं सॅकच्या पुढच्या कप्प्यातून एक घडी घातलेलं पोस्टर काढलं. गेटवरचंच होतं. बँडच्या नावाखाली वरदनं छापून घेतलेली ओळ तिनं बोटानं दाखवली. ‘भूकंपात हरवलेल्या बहिणीसाठी एका भावाची हाक.’

मन्मथ त्या ओळीकडे बघत राहिला. ती छापायच्या आधी वरदनं त्याला दाखवली होती. ‘हरवलेल्या’वर तो क्षणभर अडला होता, आणि मग राहू दे म्हणाला होता. लोकांना काय वाटेल ते त्याला तेव्हाही कळलं होतं. गेली म्हणणं सोपं होतं. दिली म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

“खोटं आहे ते,” तो म्हणाला. “माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी छापू दिलं.”

तिला हे अपेक्षित नसावं. तिनं चष्मा काढून टी-शर्टच्या कडेला पुसला.

“तुमच्या गाण्यातली मुलगी अजून पाळण्यात आहे,” ती जरा हळू आवाजात म्हणाली. “मी सतरा वर्षांची आहे. मला फिजिक्समध्ये मार्क कमी पडतात. मी टेबल टेनिस खेळते. तुम्हाला ती आठवते, मला तुम्ही ओळखत नाही. तुमची चूक आहे असं नाही म्हणत. पण तुम्ही तिला हाक मारता आणि ओ मी द्यायची, हे मला जमत नाही.”

बाजूच्या टेबलावरची पोरं उठून गेली. मन्मथला खूप काही सांगायचं होतं. ती रांगायला लागली तेव्हा मागच्या मागे जायची, पुढे यायला तिला कितीतरी दिवस लागले होते. पण हे सगळं त्याच पाळण्यातल्या मुलीचं होतं, आणि ते आता काढायची त्याला लाज वाटली.

“ते गाणं मी नाही म्हणणार आता,” तो म्हणाला.

“मी तसं नाही सांगितलं.”

“मला कळतं. तरी नाही म्हणणार.”

तिनं घड्याळ बघितलं, उठली, आणि उठल्यावर तशीच उभी राहिली.

“एक विचारू? माझी... त्या मला काय म्हणायच्या? गौराच?”

“गौरा नाव आत्यानं ठेवलेलं. आई नावानं हाक मारायचीच नाही. तिचं माहेर कर्नाटकातलं. ती तुला कूसू म्हणायची. कानडीत बाळाला म्हणतात.”

“कूसू,” ती एकदा म्हणून बघितल्यासारखी म्हणाली. मग सॅक पाठीला लावली. “मी परत भेटायला येईनच असं नाही. पण चिडून गेले असंही समजू नका.”

त्यानं तिला क्लासमधला नव्हे, स्वतःचा नंबर लिहून दिला. ती गेटातून बाहेर पडली, रिक्षाला हात केला आणि गेली. मन्मथ कॅन्टीनच्या पायरीवर उभा राहिला. जिची वाट बघितली ती येऊन गेली होती, आणि तरी वाट बघणं काही कमी झालं नव्हतं. उलट आता त्या वाट बघण्याला चष्मा होता, आवाज होता.

कंधारला जाताना ट्रॅक्समध्ये त्यानं दोघांना सांगितलं. वरद आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की हा खरंच बोलतोय.

“अरे, लोक त्या एका गाण्यासाठी येतात. दुसऱ्या सात गाण्यांची नावं तरी कुणाला माहितीयेत का?”

“नसतील.”

“आणि पोस्टर? चारी गावांत लागलेत.”

“फाडू.”

वरद गोलूकडे वळला. गोलू खिडकीबाहेर बघत होता. “तिचं हाय ते गाणं,” तो म्हणाला. “ती नगं म्हणली तर आपुन कोण?”

कंधारच्या मंगल कार्यालयात सात गाणी झाली आणि पोरं ‘गौरा, गौरा’ करून ओरडायला लागली. मन्मथ माइकपाशी आला. त्याला भाषण येत नव्हतं. “ते गाणं आज व्हायचं न्हाई,” तो म्हणाला. “पोस्टरवर लिवलंय ते बी खरं न्हाई. माझी बहीण जिती हाय. आमच्याच्यानं तिला सांभाळणं झालं न्हाई, म्हणून आम्ही तिला चांगल्या घरी दिली. ती शिकायलीय. मी खोटं छापू दिलं, त्याची माफी मागतो.”

सभागृहात कुजबुज झाली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. गोलूनं वाट न बघता पुढचा ठेका धरला, वरदनं नाइलाजानं गिटार उचलली, आणि जुनीच दोन गाणी त्यांनी पुन्हा वाजवली. निम्मी पोरं उठून गेली होती. रेणापूरला ही बातमी त्यांच्याआधी पोचली. तिथल्या आयोजकानं फोन करून कार्यक्रम रद्द केला. वरद दोन दिवस मन्मथशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच ब्लेड घेऊन औशाच्या बसस्टँडवरची पोस्टरं खरवडायला गेला.

औशाच्या कार्यक्रमाला गुरुपादप्पा आले. त्यांनी पोराचं गाणं कधी ऐकलं नव्हतं. धोतर, टोपी, कपाळाला भस्म, अशा वेशात ते पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर काठी धरून बसले आणि ड्रमच्या दणक्याला दर वेळी डोळे मिटत राहिले. ‘गौरा’ मागणारी माणसं इथंही होती. मन्मथनं कंधारसारखंच सांगितलं, फक्त या वेळी त्याला वडिलांकडे बघवलं नाही.

मांडव रिकामा झाला तरी गुरुपादप्पा उठले नाहीत. मन्मथ शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला. ऊन कलत होतं, बाजारातल्या बैलगाड्या घराकडे निघाल्या होत्या.

“भेटलास तिला,” ते म्हणाले. विचारलं नाही.

“व्हय. नांदेडात. तीच आल्ती.”

“उंचीला कशी हाय?”

“माझ्याएवढी.”

“काय करायलीय?”

“बारावी. चेंडू खेळती, टेबलावरचा.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. टेबलावर चेंडू कसा खेळतात हे त्यांना कळलं नसावं, पण त्यांनी ते ठेवून घेतलं. मग ते म्हणाले, “का दिली म्हणून इचारली का?”

“न्हाई.”

“इचारल कवातरी. तू सांगू नको. ते मी सांगायचं हाय.” काठीवर हनुवटी टेकवून ते पुढे म्हणाले, “मला नांदेडची गाडी कुटून मिळती?”

“अप्पा, आपुन जायचं न्हाई. तिला वाटलं तर ती येईल.”

“आन न्हाई वाटलं तर?”

मन्मथनं त्यांना हाताला धरून उठवलं. तो त्यांना गावाच्या गाडीत बसवून आला.

लातूरचा शेवटचा कार्यक्रम बरा झाला. अल्बमचा गाजावाजा हळूहळू ओसरला, पण होस्टेलांमध्ये ते गाणं वाजत राहिलं. एकदा बाहेर गेलेलं गाणं मन्मथला परत आणता येणार नव्हतं. तो पुन्हा पोरांना शिकवायला लागला. फेब्रुवारी गेला, बारावीचे पेपर झाले, मग सीईटीची धावपळ. फोन वाजला की तो फळ्याशी उभा असतानाही खिशाला हात लावायचा.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मेसेज आला. नंबर नवा होता. त्यानं लगेच गावच्या किराणा दुकानात फोन लावला आणि वडिलांना बोलावून घ्यायला सांगितलं. दहा मिनिटांनी गुरुपादप्पा धापा टाकत आले.

“तिचा मेसेज आलाय, अप्पा. वाचतो. ‘सीईटी झाली. फिजिक्स बरं गेलं. दोन दिवस नुसती झोपले. देविका.’”

“आनखी?”

“एवढंच हाय.”

पलीकडे दुकानातल्या गिऱ्हाइकांचे आवाज येत होते. गुरुपादप्पांनी फोन दुसऱ्या कानाला धरल्याचं खसखस वाजून कळलं.

“पुन्यांदा वाच,” ते म्हणाले. “जरा सावकाश.”