इंझोरीत उभा राहिलेला नारळ

हलगी कडाडली आणि मदनसिंग महाराजांच्या तळहातावर आडवा पडलेला नारळ ताडकन उभा राहिला.

इंझोरीच्या नाल्याकाठी जमलेल्या गर्दीनं एकच गजर केला. सरपंच जगदेवनं तर तिथंच लोटांगण घातलं.

"धरणीमाय माह्या कानात बोलते!" महाराज गरजले. "मोठ्या मोठ्या सायबाले नाई सांगत, मले सांगते! या टाचेखाली तिची नाडी उडून राह्यली. खंदा इथं, अन् गंगा वर येते का नाई ते पाहा!"

विश्वास न ठेवायला कोणाकडे कारण नव्हतं. कामरगावाकडे महाराजांनी दाखवलेल्या जागांना पाणी लागलं होतं. जिल्ह्याच्या नव्या पाणी आराखड्यात इंझोरीच्या वाट्याला एकच सार्वजनिक विहीर होती, आणि तिची जागा हा नारळ ठरवणार होता.

गर्दीच्या कडेला उभी असलेली त्रिशला मात्र सुन्न झाली होती. कारंज्याच्या कापड दुकानदाराची ही मुलगी भूजलावर पीएचडी करत होती. या पट्ट्यातल्या विहिरींत टेप सोडून, जमिनीत सळया ठोकून, तिनं कुठे खोदावं याचा अहवाल केला होता. तो दिला होता पियूषच्या हाती. पियूष तिचा कॉलेजपासूनचा मित्र, आता आराखड्याच्या कामावर नेमलेला सल्लागार. "तुझं संशोधन कपाटात सडू देणार नाही," असं म्हणाला होता. काही महिन्यांनी तोच म्हणाला, "साहेबांनी बाजूला ठेवलं गं. मी काय करणार?" त्या दिवशी ती रडली होती आणि समजूतही त्यानंच घातली होती.

आज ती आली होती तुळसाबाईच्या फोनमुळे. विहिरी मोजताना ती या म्हातारीकडेच जेवायची. "पोरी, चमत्कार पाह्याले ये," म्हातारी म्हणाली होती.

महाराजांच्या टाचेखालची जागा त्रिशलाच्या चांगलीच ओळखीची होती. ती तिचीच चूक होती.

अहवालाच्या पहिल्या खर्ड्यात आकडे लिहिताना घोटाळा झाला आणि इंझोरीची विहीर नाल्याच्या अलीकडे पडली. अलीकडे मातीखाली अखंड काळा खडक. पाणी धरणारा मुरूम पलीकडे. चूक लक्षात येताच तिनं दुरुस्त करून पाठवली होती. तो पहिला खर्डा तिच्याशिवाय एकाच माणसाकडे होता. धरणीमाय बोलत असेलही. पण ती त्रिशलाच्या चुकीसकट कशी बोलेल?

सरपंचाशेजारी उभ्या पियूषनं तिला पाहिलं आणि नजर खाली घातली. मग तिला शंका उरली नाही.

ती पुढे झाली. "महाराज, डोळे बांधून हीच जागा पुन्हा दाखवता का?"

"धरणीमायची परीक्षा घेतं, पोरी? भस्म होशीन!"

गर्दी खवळली. तेवढ्यात तुळसाबाई म्हणाली, "भस्म काहून होईन? माय तं कानात बोलते, तिले डोयाचं काय काम? बांधा जगदेव, तुमचा शेला."

जगदेवनं नाइलाजानं शेला बांधला. महाराजांना चार गिरक्या देऊन सोडलं. नारळ उभा राहिला तो गोठ्याच्या उकिरड्यावर. पुन्हा फिरवलं, तर डांबरी सडकेवर. मघाच्या जागेवरून ते दोनदा गेले, पण नारळ ढिम्म हलला नाही. पोरं खिदळायला लागली.

त्रिशलानं नारळ घेतला. "पाहा. बूड तळव्याच्या खळग्यात, शेंडा बोटांवर. बोटं कोणाला दिसणार नाहीत इतकी उचलायची." नारळ उभा राहिला. तुळसाबाईनंही मारुतीच्या सिमेंटच्या ओट्यावर करून पाहिलं. दुसऱ्या खेपेला तिलाही जमलं.

"आता या ओट्याखाली गंगा हाये म्हना!" म्हातारी हसली.

"मंग कामरगावले पाणी कसं लागलं?" जगदेवनं विचारलं.

त्रिशला पियूषकडे वळली. "सांग ना."

"इकडे ये, बाजूला बोलू."

"इथंच बोल."

पियूष कोंडीत सापडला. "जागा मीच त्याला दाखवायचो. दोन बैठका झाल्या, तुझा अहवाल कोणी उघडला नाही. महाराजांचं नाव निघालं आणि सगळे कबूल झाले. शेवटी तुझंच संशोधन धोरणात आलं ना? लोकांना पाणी मिळालं. बिघडलं काय?"

"चूक दुरुस्त करून पाठवली होती, ती वाचली?"

"कोणती दुरुस्ती?" पियूषनं विचारलं.

"माझं संशोधन नाही आलं, पियूष. नुसत्या खुणा आल्या. मी चुकले तर कोणी मला विचारू शकतं, मी सुधारू शकते. नारळाला कोण विचारणार? आणि मी रडत होते तेव्हा तू शेजारी बसून खोटं बोललास."

तुळसाबाई तिच्याकडे रोखून पाहत म्हणाली, "अन् तू वं? आमच्या हिरीत टेप सोडला, भाकर खाल्ली, गेली. कागद सायबाले देल्ला. आमाले काहून नाई सांगतलं?"

"चुकलं, मावशी," एवढंच त्रिशला म्हणाली.

मग तिनं ग्रामसभेत सगळं समजावून सांगितलं, तासभर लोकांनी उलटसुलट विचारलं, आणि विहीर नाल्याच्या पलीकडे खोदायचा ठराव झाला. आराखड्याच्या पुढच्या बैठकीला जगदेव आणि तुळसाबाई स्वतः तिच्याबरोबर गेले. महाराज तालुका सोडून गेले. पियूषचे फोन येत राहिले. तिनं एकही उचलला नाही.

विहीर नाल्याच्या पलीकडे खोदली. मुरमातून पाणी झिरपायला लागलं त्या दिवशी पुन्हा हलगी वाजली, आणि जगदेव हळदकुंकवाचं ताट घेऊन त्रिशलाच्या पायाशी वाकला. "ताई, तुमीच आमची धरणीमाय!"

ती दचकून मागे सरली. "पाया नका पडू, भाऊ! पाया पडलं की विचारणं थांबतं. मला विचारा, सरकारला विचारा, देवाचं नाव घेऊन येईल त्याला तर आधी विचारा. कशावरून? पुन्हा करून दाखवा!"

जगदेव ताट हातात धरून अवघडला. तुळसाबाईनं विहिरीत वाकून पाहिलं.

"मंग मी इचारतो. हे पाणी मे महिन्यात राहीन काय?"

"माहीत नाही, मावशी," त्रिशला म्हणाली. "मोजावं लागेल."