काटूचं तोंड

चित्रकारबाई त्या सकाळी एका पायात तपकिरी आणि एका पायात काळी चप्पल घालून आल्या. लेकीने सिनेमागृहाच्या पायऱ्यांवर ते पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. अंधारात कोण बघतंय, असं म्हणत बाई दोन-दोन पायऱ्या चढून वर पोचल्याही. वय वर्षं एकसष्ट. पण आज त्यांचा काटू पहिल्यांदा चालणार होता, तेव्हा कुरकुर करायची गुडघ्यांची काय बिशाद.

काटू म्हणजे साळिंदराचं पिल्लू. तीस वर्षं, नऊ चित्रपुस्तकं, आणि आता त्याच्यावर सव्वीस भागांची मालिका निघत होती. ती चालली तर मोठ्या पडद्यावरचा सिनेमाही. स्टुडिओत चाळीस माणसं कामाला जुंपली होती. भिंतभर नुसता काटू: पुढून, मागून, शिंकताना, घसरताना. ती भिंत पहिल्यांदा पाहिली तेव्हा बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि डोळे पुसून होतात न होतात तोच, शेपटीजवळचा काटा चुकीच्या जागी आहे म्हणून त्या भांडायलाही उभ्या राहिल्या होत्या.

घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. काटूला तोंड नव्हतं.

पहिल्या पुस्तकात बाईंनी ते काढलं होतं, चांगलं फिकट गुलाबी. त्या काळी छापखान्यात एकेक रंग वेगळा चढवत, आणि गुलाबीची पाळी सगळ्यात शेवटी. छापखानेवाल्या काकांनी काळा चढवला, पिवळा चढवला, निळा चढवला आणि ते जेवायला गेले. जेवून आले ते गठ्ठे थेट बांधणीला पाठवून मोकळे झाले. दोन हजार प्रती आणि दोन हजार बिनतोंडाचे काटू. पहिली प्रत घरी आली तेव्हा बाई संतापाने लाल झाल्या. काकांची खरडपट्टी काढायला निघाल्या आणि दारातच थबकल्या, कारण चार वर्षांची लेक पुस्तक मांडीवर घेऊन काटूच्या वतीने घडाघडा बोलत होती. त्याला तोंड नाही हे तिच्या गावीही नव्हतं. बाई छापखान्यात गेल्या खऱ्या, पण गुलाबी रंग पुढच्या पुस्तकांतही नको, एवढंच सांगून परत आल्या.

मालिका दाखवणाऱ्या टीव्ही वाहिनीच्या मॅडमना हे काही केल्या पटेना. पुस्तकात ठीक आहे, त्या म्हणाल्या, पण पडद्यावर मुका प्राणी दाखवला तर मुलं दोन मिनिटांत उठून जातील. दिग्दर्शकाला सगळे दादा म्हणत. दादा दोघींच्याही बोलण्याला मान डोलवत राहिला. काटूच्या रूपावर शेवटची सही बाईंची, आणि मालिकेला होकार मॅडमचा. बाई अडून बसल्या असत्या तर चाळीस माणसांचं काम गेलं असतं, आणि नमल्या असत्या तर काटू गेला असता. शेवटी बाईंनीच पैज लावली. शाळेतली शंभर मुलं बोलवा, आधी बिनतोंडाची फिल्म लावा. मुलं चुळबुळली, तर तोंडवाली लावा आणि मी तिथल्या तिथे सही करते. घरी गेल्यावर, तुझं डोकं फिरलंय का, असं लेकीने विचारलं, तर बाईंना खात्रीने नाही म्हणता येईना.

सभागृहातले दिवे मालवले. पडद्यावर गवत हललं आणि काटू बाहेर आला. एक पाऊल, दुसरं पाऊल. पाऊल पडलं की क्षणभराने पाठीवरचे काटे डुलायचे, अगदी बाईंच्या मनात तीस वर्षं डुलत होते तसे. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी लेकीचा हात करकचून दाबला. मुलं खुदखुदली. काटूने कासवआजीकडून कंदील उसना घेतला, मिरवत मिरवत नेला आणि ओढ्याच्या दगडावर आपटून त्याची काच फोडली. मग तो कंदील मागे लपवून आजीच्या दारात येऊन उभा राहिला.

पुस्तकात या पानावर एक शब्द नाही. दादाने संगीतही थांबवलं होतं. काटूचे डोळे वर गेले, खाली आले. सभागृहात चिडीचूप. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. कडेच्या खुर्चीत बसलेल्या मॅडमनी मान वळवून मुलांकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. संपलं, असं बाई लेकीच्या कानात पुटपुटल्या आणि सहीसाठी पिशवीत पेन चाचपू लागल्या.

तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "तो म्हणतोय, माझ्याकडून काच फुटली."

"नाही," मागचा एक जण उठून उभा राहिला, "तो म्हणतोय, ती आधीच फुटली होती."

झालं, सभागृहात एकच गोंधळ उडाला. खोटारडा आहे म्हणणारे एका बाजूला, घाबरलाय म्हणणारे दुसऱ्या बाजूला. एका मुलाचं म्हणणं, तो काहीच म्हणत नाहीये, त्याला शू लागली आहे. शिक्षिका गप्प बसा गप्प बसा करत रांगांतून धावत होत्या आणि त्यांचं कुणीही ऐकत नव्हतं.

"मीसुद्धा हेच म्हणायचे," लेक हसत म्हणाली. "आधीच फुटली होती."

"माहितेय," बाई म्हणाल्या. "माझी शाईची बाटली कुणी फोडली, ते मला तेव्हाच कळलं."

तेवढ्यात बाईंची नजर मॅडमकडे गेली. त्यांच्या शेजारी एक अगदी लहान मुलगी बसली होती. सगळे ओरडत होते, पण तिला काहीच कळत नव्हतं. तिने मॅडमची बाही ओढली आणि तो काय म्हणतोय, असं विचारलं. मॅडमनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं. मग त्या तिच्याकडे वाकल्या आणि बारीक, चोरट्या, एखाद्या पिल्लाच्या आवाजात म्हणाल्या,

"तो म्हणतोय, तू रागावणार नाहीस ना माझ्यावर?"

मुलीने नाही अशी मान हलवली. मॅडम मात्र तशाच वाकलेल्या राहिल्या. दादा तोंडवाल्या फिल्मचं विचारायला पुढे आला, तेव्हा त्यांनी वही मिटली.

"ती राहू दे," त्या म्हणाल्या. "हीच पुन्हा लावा. आजीने काय केलं, ते आमचं बघायचंच राहिलं."