स्थिर हाताचा माणूस

उकळून ठेवलेली कात्री आणि चिमटा थंड होऊन तास उलटला, तरी हिरा आली नाही. सलग तिसरा दिवस. जासिंतने डब्यावर झाकण ठेवले. मधुमेही पायाची जखम तीन दिवस बांधलेली राहिली की आत काय होते, हे त्याला पाठ होते. एकतीस वर्षे दवाखान्यात पट्ट्या बांधण्यात गेली होती.

निवृत्त झाल्यापासून हिराचा पाय तोच पाहत असे. शिरोड्याच्या बाजारात मासळी घेऊन जाताना ती त्याच्या पडवीत टोपली उतरवी आणि पाय पुढे करी. शुक्रवारी न विचारता चार बांगडे ठेवून जाई. शुक्रवारी ह्या घरात मटण शिजत नाही, हे तिला त्याच्या आईच्या वेळेपासून ठाऊक होते.

आज तिचा मुलगा निकेत आला. फाटकाबाहेरच थांबला.

"आई येवची नाय."

"पाय कसो आसा?"

निकेतने मोबाइल पुढे केला. "हो तुमीच मा?"

अकरा सेकंदांचा व्हिडिओ. किनाऱ्यावर गुडघे टेकलेला कोळी, मागे जासिंत, हातात सुरा. गळ्यातला क्रूस उन्हात चमकत होता. खाली कुणीतरी लिहिले होते : ह्यांना ओळखून ठेवा.

"मीच," जासिंत म्हणाला.

"ह्या काम घेतल्यात कित्याक?"

"कोणीतरी करूचाच होता."

"पण तुमी केल्यात. खुरीस घालून."

क्रूस आईचा होता. सिनेमाच्या चित्रीकरणाआधी तो काढून ठेवायला निघाला, तेव्हा दिग्दर्शकाने 'राहू दे' म्हटले, आणि त्याने राहू दिला. सुरा रबरी होता, रक्त रंगाचे होते, मेलेला कोळी नंतर खुर्चीत बसून चहा पीत होता. यातले प्रत्येक विधान खरे होते आणि एकही सांगावेसे वाटले नाही. कारण आणखी एक गोष्ट खरी होती. त्यांनी सुरा चुकीच्या जागी धरायला सांगितला होता. 'शीर इथे असते', असे सांगून त्याने तो दोन बोटे वर सरकवला होता. कुणी विचारले नव्हते. चूक दिसली की दुरुस्त करायची, एवढीच सवय. दृश्य खरे वाटत होते ते त्याच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन चार घरे ओलांडून गेला. दोन दारे तो जवळ येताच लागली. हिरा पायरीवर बसली होती. पाय तिने लुगड्याखाली ओढून घेतला.

"मेल्या, मान कापूची इतकी अक्कल तुका कोणी दिल्यान?"

"मीच दाखवलंय तेंका. ते भलत्याच जागी धरीत होते."

हिरा हसायला गेली. हसू अर्ध्यावरच थांबले.

"माका म्हायती आसा रे जासू, ता सगळा खोटा. पण तू कात्री घेवन पाय धरशीत, आनि माका ताच दिसात."

त्याने डबा उघडला आणि कात्रीची मूठ तिच्याकडे केली.

"तू काप."

तिने कापले. वाकडेतिकडे, वेळ घेत, त्याच्या हातांवरची नजर न हलवता. पट्टी सुटली. करंगळी काळी पडली होती. जासिंतने वास घेतला, कडेची कातडी बोटाने दाबून पाहिली.

"निकेत, आजच सावंतवाडीक ने तिका. बोट जायत. आनि थांबलास तर पाय."

निकेत दारात उभा होता. तो गाडी काढायला गेला.

करंगळी गेली. पाय राहिला.

महिन्याभराने हिरा पुन्हा त्याच्या पडवीत येऊ लागली. टोपलीच्या कडेला, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून, कात्री असते. जुनी पट्टी ती कापते, जखम तो धुतो, नवी पट्टी तो बांधतो, उरलेले टोक ती कापते. मग कात्री पुन्हा फडक्यात जाते. शुक्रवारी चार बांगडे असतात. तेवढा वेळ निकेत फाटकाबाहेर गाडी चालू ठेवून थांबतो.

जासिंत डब्यात आता फक्त चिमटा उकळतो.