तीन नंबरची भट्टी

सदतीस वर्षं चिप बनवण्याच्या कारखान्यात भट्ट्या सांभाळल्या, म्हणून सगळे त्यांना भट्टीकाका म्हणत. निवृत्त होऊन सहा महिने झाले तरी बायको म्हणायची, "अहो, तुम्ही देह तेवढा घरी आणलात." खोटं नव्हतं. घरातही काका चपला अशा काढत, जणू धुळीचा कण आत आला तर जगबुडीच होईल.

त्या दिवशी कारखान्यातून फोन आला. काकांच्या हाताखाली शिकलेली, आता विभागप्रमुख झालेली इंजिनिअर बोलत होती. "सर, तीन नंबरच्या भट्टीत सिलिकॉनच्या चकत्यांवरचा थर पातळ येतोय. मधे वीज गेली होती, तेव्हापासून. सगळं तपासून झालं."

काकांना उत्तर तिथल्या तिथे कळलं. त्या भट्टीचं तापमापक लबाड होतं, चार अंश जास्त दाखवायचं. म्हणून काका गुपचूप चार अंश वाढवून ठेवत, आणि ते वहीत लिहायचं मात्र राहूनच गेलं. वीज आल्यावर नव्या पोरांनी पुस्तकातला आकडा घातला असणार. 'चार अंश वाढव' एवढं म्हटलं की काम फत्ते.

"बघावं लागेल," काका म्हणाले. "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात काकांनी तो पांढरा पोशाख चढवला. टोपी, मास्क, दोन-दोन हातमोजे. आरशात फक्त डोळे उरले. हवेच्या झोताने अंग झाडून घेतलं, दार उघडलं. पंख्यांची तीच घरघर ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला. आत कुणाचे पिकलेले केस दिसत नाहीत. मागून कुणीतरी "ए, जरा सरक ना," म्हणालं, आणि त्याने ते पुन्हा म्हणावं असं काकांना फार वाटलं.

तासभर ते उगाचच चारही भट्ट्यांपाशी रेंगाळले.

"सर, कळलं का काही?" इंजिनिअरने विचारलं. "चकत्यांचे चार लॉट कालपासून अडकलेत. वरचे नुसता जीव खातायत माझा."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे हे तुम्हाला कालच माहीत होतं?"

"हो."

"मग फोनवर का नाही सांगितलंत?"

"मग तू मला आत कशाला आणलं असतंस?"

आत साधा कागद चालत नाही, धूळ सोडतो. तिथला खास निळा कागद तिने पुढे ठेवला. "असं डोक्यातच राहिलेलं आणखी जे असेल, ते लिहून द्या सर. सगळं."

काकांनी लिहिलं. अकरा गोष्टी झाल्या आणि पेन थांबलं. चार नंबरच्या भट्टीच्या गॅसची बाहेरची झडप थंडीत अडकते, तेवढं राहिलं होतं. थंडी दोन महिन्यांवर आली होती. एवढं एक पोटात ठेवलं, तर फोन नक्की येणार.

मग त्यांनी तेही लिहिलं.

"घे," कागद देत ते म्हणाले. "आता मला बोलवायचं काही कारण उरलं नाही गं."

ती चार अंश वाढवायला धावली. काका खुर्चीवरून उठले नाहीत.