उरलेल्या चादरी

नवऱ्याची, सिरिलची, उजवी बाजू लुळी पडली त्या वर्षीच्या जुलैत, एका सोमवारी सकाळी, नेटीने धुतलेली चादर दोरीवर टाकली आणि मधोमध काठी लावून दोरी वर उचलली. दोरी तिच्या दाराशेजारच्या आकड्यापासून निघून रस्त्यावरून समोर मॉरीनच्या भिंतीपर्यंत जायची. बॉबिन स्ट्रीटवर मागचं अंगण कुणालाच नव्हतं, सगळ्यांचे कपडे असेच रस्त्यावर वाळत. मात्र बाकीच्या बायका फक्त सोमवारी धूत. नेटीची चादर अलीकडे रोज दिसे. तिला म्हातारपणी स्वच्छतेचं वेड लागलंय, असं लोक समजत.

समोरून मॉरीन कागदी पताकांचं खोकं घेऊन आली.

"नेटी आंटी, परवा ही दोरी काढा हं. त्या आकड्यांना पताका बांधायच्यात."

"काढीन."

"आणि प्रत्येक घरातून दोन पांढऱ्या चादरी. रस्त्यात टेबलं मांडणार ना आपण, त्यांवर घालायला. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं शुभ्र दिसलं पाहिजे."

नेटीने दातांत धरलेला चिमटा काढून चादरीला लावला.

"माझ्याकडे नाहीत."

"असं कसं? रोज तर धुता!"

"राणीच्या मुलाचं लग्न ना? मग चादरी राणीकडून मागव. माझ्या लग्नात तिच्या घरून काय आलं होतं?"

शेजारच्या पायरीवर स्टॅन चहाचा मग घेऊन बसला होता. गिरणीला कुलूप लागल्यापासून त्याची बैठक तिथेच असे. तो खो खो हसला.

"सोड गं मॉरीन. नेटी लाल बावट्यात गेलीय. परवा बघ, दोरीवर लाल चादर लावील."

"तू कशाला एवढा उड्या मारतोस? तुला आमंत्रण आलंय?"

"लग्न त्यांचं, बिअर आपली! सुट्टीचं म्हणशील, तर ती मला रोजचीच आहे."

मॉरीन मात्र हसली नाही. महिनाभर ती घरोघर फिरत होती, कुणी सँडविच करायचे, कुणी केक, सगळं ठरवत होती. तिचा चेहरा उतरला. नेटीने तो पाहिला आणि रिकामी टोपली उचलून ती आत गेली.

आत, पुढच्याच खोलीत, सिरिल खाटेवर होता. तीस वर्षं तो बसचा कंडक्टर होता. गणवेशाची बटणं रोज घासल्याशिवाय त्याने उंबरठा ओलांडला नव्हता. आता अंथरुणात काय होतं ते त्याला झाल्यावर कळे. पहिल्यांदा झालं, तेव्हा अर्ध्या तोंडाने त्याने एवढंच म्हटलं होतं, "कुणाला... कळू देऊ नको." नेटी गल्लीत सांगे, छाती धरलीय, माणसांचा त्रास होतो त्याला.

घरात चादरी चारच. त्यातल्या दोन मध्ये विरल्या होत्या, म्हणून तिने त्या उभ्या फाडून, कडा आत घेऊन पुन्हा जोडल्या होत्या. त्या सगळ्या गल्लीपुढे टेबलावर कशा घालायच्या? आणि चांगल्या दोन दिल्या, तर सिरिलखाली काय घालायचं?

बुधवारी सकाळी रस्ता चिडीचूप झाला. सगळे टीव्हीपुढे होते. भिंतीपलीकडून वाजंत्री ऐकू येत होती. सिरिलचा डावा हात पांघरुणावर ताल धरत होता.

"लावू का आपला टीव्ही?" नेटीने विचारलं.

त्याने मानेने नको म्हटलं. थोड्या वेळाने त्याने तोंड भिंतीकडे वळवलं, तेव्हा तिला कळलं आणि ती बादली आणायला उठली.

दुपारी बाहेर टेबलं भरली. नेटीने स्वयंपाकघरात शेगडी पेटवून वरच्या दांडीवर चादर टाकली होती. ऐन जुलैत काचा घामेजल्या होत्या. मागच्या बोळाकडचं दार उघडलं. बॉबिन स्ट्रीटवर दार वाजवण्याची पद्धत नव्हती. मॉरीन केक आणि जेलीची बशी घेऊन आत आली आणि उभी राहिली.

तिने दांडीवरची जोडाची चादर पाहिली. बादली पाहिली. जंतुनाशकाच्या वासाखालचा दुसरा वासही तिला आला असणार. नेटी हात पुसत बादलीच्या पुढे येऊन उभी राहिली.

"नवरीचा पोशाख पाहिलात का, आंटी?" मॉरीन म्हणाली. "मागची शेपूट ही एवढी लांब! पण गाडीत कोंबून सगळी चुरगळलेली. इतकी नोकरमाणसं, पण इस्त्री फिरवायला एकही नव्हतं."

"तूच जायचंस," नेटी म्हणाली.

"सिरिल अंकलना केक द्या," म्हणून बशी ठेवून मॉरीन गेली.

टेबलं उचलली गेली, पोरं पताका ओढू लागली, तेव्हा ती पुन्हा आली. हातांत घडी घातलेल्या चादरींची चळत होती, हनुवटीपर्यंत.

"आंटी, तुमच्या चादरी."

"मी दिल्या नव्हत्या."

"सगळ्यांच्या एकत्र झाल्या हो. ज्यांनी त्यांनी आपापल्या नेल्या, या उरल्या. मग तुमच्याच की."

नेटीने वरच्या चादरीचं टोक हातात घेतलं. तिथे कुणाच्या तरी नावाचं अक्षर दोऱ्याने भरलेलं असणार. आता नुसती सुईची भोकं अंगठ्याला लागत होती. दुसरीच्या टोकालाही तशीच. आणि एका चादरीवर जेलीचा तळहाताएवढा लाल डाग.

तिने डागावर नख घासून पाहिलं.

"लगेच थंड पाण्यात टाकायची होती," ती म्हणाली. "किती धांदरट गं पोरी तुम्ही."

"आहोतच," मॉरीन म्हणाली.

नेटीने चळत दोन्ही हातांनी घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने दोरी बांधली, तेव्हा स्टॅन पायरीवरून उठला. आता हा काहीतरी बोलणार, म्हणून नेटीने ओठ आवळले. त्याने काठी दोरीला लावून चादर वर उचलली, हाताने ताण पाहिला.

"वारा बरा आहे आज," तो म्हणाला आणि जाऊन बसला.

लाल डाग पुढे फिका झाला, पण गेला नाही. सिरिल हॉलरॉइड त्याच वर्षी ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, शुक्रवारी सकाळी, त्या चादरीवर वारला. चादर कोरडी होती.