पडद्यावरचे अठ्ठावीस

बाळांनो, जरा डोळे मिटा. खालापूरच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत तुम्ही उभे आहात असं समजा. समोर रुग्णवाहिका आहे. इंग्लंडमधल्या कुणी दानशूर मंडळींनी वापरलेली गाडी वाडीला पाठवली. तिचा डिझेलचा काटा बंद पडलेला. पण समोरच्या छोट्या पडद्यावर एक आकडा उजळतो : अठ्ठावीस.

चालक धनेश त्याच आकड्यावर हिशेब करी. त्या सकाळी रिकाम्या टाकीत पाच लिटर डिझेल ओतून तो भाचीला, सातवीतल्या ऋतिकाला म्हणाला, "अठ्ठावीसचं ॲव्हरेज देते गं, विलायती राणी हाय! अठ्ठावीस पाचे एकशेचाळीस. पनवेलला जाऊन परत येऊ."

"मामा, आकड्याखाली एम-पी-जी लिवलंय. किलोमीटर नाय."

"मग तूच चालव, मास्तरीणबाई!"

ऋतिका हसली.

सकाळी एका म्हाताऱ्याला खोपोलीला नेऊन आणलं. दुपारी गवत कापताना ऋतिकाच्या आईला, मैनाला, नाग चावला. धनेशची ती सख्खी बहीण. त्याच गाडीने खोपोलीच्या दवाखान्यात नेऊन विषावरची लस टोचली, पण तिचा श्वास मंदावत गेला. डॉक्टर म्हणाले, "श्वासाचं यंत्र पनवेलला आहे. वेळ घालवू नका." तिथल्या नर्सताई गाडीत मागे बसून मैनाच्या तोंडावरची हवेची पिशवी हाताने दाबत राहिल्या. ऋतिका आईचे पाय धरून होती.

वाटेतल्या चौक गावाच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

"डिझेल हाय रं! अर्धंसुद्धा संपलं नसंल," धनेश स्टार्टर मारत ओरडत होता. एका ट्रकवाल्याने कॅनमधून डिझेल दिलं, पण टाकी कोरडी पडल्याने डिझेलच्या नळीत हवा शिरली होती आणि ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होईना. ती काढेपर्यंत वेळ गेला. शेवटी मैनाला टेंपोत घातलं. पनवेलच्या दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

आईचे दिवस झाल्यावर ऋतिका शाळेत गेली. गुरुजींना तिने त्या तीन अक्षरांचा अर्थ विचारला. गुरुजींनी फळ्यावर मांडून दाखवलं. एका गॅलनमध्ये गाडी किती मैल जाते, त्याचा तो आकडा. अठ्ठावीस मैल म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर. इंग्लंडचा एक गॅलन म्हणजे आपले साधारण साडेचार लिटर. मग एका लिटरला किती?

"दहा," ऋतिका म्हणाली. पाच लिटरांत पन्नासच किलोमीटर.

वाडीत धनेशशी कुणी बोलत नव्हतं. तोही जेवत नव्हता. एकदा शेजारच्या कोंडीला बाळंतकळा सुरू झाल्या आणि माणसं धावत आली. धनेशने किल्ली जमिनीवर टाकली. "दुसरी गाडी बघा. मी बहिणीला मारलंय."

ऋतिका गाडीत चढली. औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी काढून तिने तिच्यावर ठळक 'दहा' लिहिलं आणि पडद्यावरच्या अठ्ठावीसवर चिकटवलं. मग खाली उतरून किल्ली उचलली, मामाच्या मुठीत ठेवली आणि डिझेलचा कॅन आणायला निघाली.