सगळ्याच रकान्यांना इंडेक्स

मेहकरच्या त्या खासगी दवाखान्याचं सॉफ्टवेअर सहदेवनं एकट्यानं लिहिलं होतं. पेशंट वाढत गेले तसं ते रखडायला लागलं. खिडकीवरची छाया मोबाईल नंबर टाकायची आणि जुना केसपेपर निघेपर्यंत समोरच्याशी सोयाबीनच्या गप्पा मारायची.

मग अमडापूरची काजल नोकरीला लागली. तिनं डेटाबेस उघडून पाहिला. "भाऊ, एक नंबर शोधाले हे पहिल्या पेशंटपासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचून राह्यलं. नंबरवर इंडेक्स लावू का?"

"लाव," सहदेव तुटकपणे म्हणाला.

काजलनं एक ओळ लिहिली; पुस्तकामागच्या सूचीसारखी नंबरांची क्रमवार सूची तयार झाली. छायानं नंबर टाकला, आणि नाव लगेच समोर.

"अवं माय! जादूच केली तू तं!"

डॉक्टरांनी सगळ्यांदेखत काजलचं कौतुक केलं. सहदेवच्या अंगाचा तिळपापड झाला. इंडेक्स काय त्याला माहीत नव्हता? सुरुवातीला पेशंट मूठभर, गरज पडली नाही, पुढं राहून गेलं. पण हे सांगणार कुणाला? आता काही अडलं की छाया त्याच्या टेबलासमोरून सरळ काजलकडे जायची. काजलचं हसणंसुद्धा त्याला टोचायला लागलं.

तिनं एकच लावला ना? रविवारी दवाखान्यात कुणी नसताना त्यानं नाव, गाव, वय, तपासणी, औषध, सगळ्याच रकान्यांना इंडेक्स लावून टाकले.

सोमवारी गर्दी उसळली. शोधलं की लगेच सापडत होतं, पण नवी नोंद काही लवकर सेव्ह होईना. रांग पायऱ्यांपर्यंत गेली.

"भाऊ, हे काऊन अडकून राह्यलं?" छाया ओरडली.

काजलनं स्क्रीनवर पाहिलं, मग सहदेवकडे. ती हळूच म्हणाली, "एक नोंद टाकली का तिले या सगळ्या इंडेक्समधी जागा करून द्या लागते, भाऊ. म्हणून अडते."

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. "काय झालं?"

"काही नाही सर, आम्ही दोघं पाहूनच राह्यलो."

डॉक्टर आत गेले. सहदेवचे कान तापले. तिनं चुगली केली असती तर निदान मनसोक्त राग तरी धरता आला असता.

"कोणते ठेवू?" तिनं विचारलं.

"गावाचा ठेव. आरोग्य शिबिराच्या याद्या गावावरूनच निघतात."

"हे मले माहीतच नव्हतं."

बाकीचे तिनं काढले, नोंदी धडाधड जायला लागल्या. "काजल, वाचवलं बाई तू!" छाया म्हणाली. सहदेवनं खुर्ची ओढली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.